देवरावजींच्या लॅपटॉपचं कुलूप

दुकानात शिरलेला माणूस आधी माझ्याकडे बघायचा, मग माझ्या मागच्या पडद्याकडे, आणि विचारायचा, "मालक कुठं गेले जी?" मालक मीच, असं सांगितलं की पोत्यात बांधून आणलेला सीपीयू काउंटरवर ठेवता ठेवता त्याचा हात थबकायचा. नव्वदच्या दशकात वर्ध्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई लोकांच्या पचनी पडत नव्हती. टायपिंग शिकवणारी मॅडम चालली असती. मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा फ्रेम करून भिंतीवर लावला, तर एका गृहस्थांनी तो जवळ जाऊन वाचला आणि विचारलं, "मिस्टरांचा आहे का?" माझं तेव्हा लग्नच झालेलं नव्हतं. पुढे फटकळ बाई म्हणून गावात माझं नाव झालं, त्यात निम्मा वाटा या मंडळींचा आहे.

संपादकांनी विक्षिप्त गिऱ्हाइकांबद्दल लिहायला सांगितलं, वाचकांना हसू येईल असं. तशी गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली. पण दुकान आवरून घरी बसल्यापासून मला वारंवार जे आठवतं ते हसण्यासारखं नाही. तरी सुरुवातीला थोडं हसून घेऊ.

माझ्याकडे कुलपांची कामं बरीच यायची. कुलूप म्हणजे पासवर्ड. एक असतो वरवरचा, विंडोज सुरू झाल्यावर विचारतात तो. दुसरा खोलातला. बटण दाबल्याबरोबर, बाकी काहीही दिसायच्या आधी, काळ्या पडद्यावर एक लहानशी चौकट येते आणि त्यात बरोबर शब्द टाकल्याशिवाय मशीन पुढे हलत नाही. तीनदा चुकलं की गप्प बसतं, मग बंद करून पहिल्यापासून सुरू करावं लागतं. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये हा शब्द नाण्याएवढ्या एका सेलच्या जोरावर लक्षात राहतो. सेल काढायचा, चहा प्यायचा, सेल परत लावायचा. मशीन सगळं विसरलेलं असतं. या कामाचे पैसे घ्यायला मला लाज वाटायची, पण घ्यायचे.

नाचणगावच्या दोन भावांचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. भांडण झालं तसा थोरल्याने कॉम्प्युटरला असला पासवर्ड टाकला. धाकटा मशीन घेऊन आला, मी कुलूप काढून दिलं. मग त्याने आपला टाकला आणि थोरला आला. असं दोघांनी मला आलटून पालटून कामाला लावलं. शेवटी मी सांगितलं की आता दोघं एकत्र आल्याशिवाय मी मशीनला हात लावणार नाही. आले. सगळ्या रस्त्याने मला शिव्या देत आले असणार, कारण दुकानात शिरले तेव्हा दोघांचं माझ्याबद्दल पूर्ण एकमत होतं. त्यानंतर ते मशीन माझ्याकडे आलं नाही.

लॅपटॉपची गोष्ट वेगळी. त्यात हा शब्द आठ पायांच्या एका बारीक चिपमध्ये असतो आणि ती चिप विजेशिवायही काही विसरत नाही. सेल काढून ठेवा, महिनाभर ठेवा, चौकट येणारच. मग लॅपटॉप पूर्ण उघडायचा, चिप शोधायची आणि मशीन सुरू होताना नेमक्या क्षणी तिचे दोन पाय बारीक स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवायचे. क्षण साधला तर मशीन आत घेतं. हुकला तर गिऱ्हाइकाला नवीन मदरबोर्डचा भाव सांगायची वेळ येते. हे काम मला यायचं आणि चांगलं यायचं. नागपूरची दुकानं माझ्याकडे लॅपटॉप पाठवायची, हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते.

याच्यापुढचं एक कुलूप मात्र मला कधीच उघडता आलं नाही. ते मशीनला नसून आतल्या हार्ड डिस्कलाच लावलेलं असतं. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली तरी ती तिथेही पासवर्ड मागते. मशीनचं कुलूप मी तोडू शकत होते, डिस्कचं नाही. दोन्हींना एकच शब्द दिला की मशीन एकदाच विचारतं, त्यामुळे आपण दोन कुलपं लावलीत हे माणसाच्या लक्षातही राहत नाही.

देवरावजींना ही दोन्ही कुलपं मीच लावून दिली होती.

देवरावजी सिंदी रेल्वेचे. कापसाचे व्यापारी. पांढरं धोतर, खांद्यावर दुपट्टा, डोक्यावर टोपी, आणि काखेत लॅपटॉप. लॅपटॉप नवा होता तेव्हा तो काखेत धरून चालणारा धोतरातला माणूस बघायला लोक दुकानातून बाहेर यायचे. त्यांना त्याचं काही नव्हतं. घेतला होता कापसाचे भाव बघायला, पण सिंदीत इंटरनेट धड चालायचं नाही, म्हणून त्यांनी त्याला दुसऱ्याच कामाला लावलं. त्यांचं खंजिरी भजनाचं मंडळ होतं आणि देवरावजींचा आवाज पंचक्रोशीत ओळखीचा होता. संध्याकाळी दुकान बंद केलं की लॅपटॉप समोर ठेवून ते एकेक भजन भरून ठेवायचे. भरायचं कसं ते मी शिकवलं होतं. मायक्रोफोनही माझ्याकडूनच नेला.

मला ते मालक कुठं म्हणून कधी विचारत नसत. पहिल्या दिवशी आले ते सरळ म्हणाले, "ताई, हे तुमालेच समजते म्हंतात, म्हनून आलो." माझ्याकडून त्यांना अर्धा चहा नेहमी मिळायचा, त्याचं कारण हे एकच वाक्य.

एकदा चिडून आले. घरी पाहुण्यांची पोरं आली होती, त्यांनी खेळता खेळता भजनांचं एक अख्खं फोल्डर पुसून टाकलं होतं. ते परत आणून देणं मला जमलं नाही. देवरावजी म्हणाले, "आता असं कुलूप लावा का तुमालेबी नाई खोलता आलं पाह्यजे."

मी समजावून सांगितलं की असं कुलूप आहे, पण शब्द विसरलात तर मग कोणीच काही करू शकणार नाही.

"आकडे चालतात का शब्दाच्या जागी?"

"चालतात."

"मंग नाई विसरत. जिंदगी आकड्यातच गेली."

सीडी करून ठेवा, असंही मी सुचवलं. दिवाळीनंतर आणतो म्हणाले. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

ही माझी पद्धत होती. गिऱ्हाईक पासवर्ड टाकू लागलं की मी पाठ फिरवायचे. नुसती नजर दुसरीकडे नाही, पूर्ण पाठ. बाई कॉम्प्युटरला हात लावते याचीच लोकांना धास्ती, त्यात तिने आपलं गुपित पाहिलं असं कोणाला वाटायला नको, म्हणून सुरुवात केली आणि पुढे त्याचा मला अभिमानच वाटायला लागला. त्या दिवशी मागे देवरावजींचं बोट एकेका आकड्यावर सावकाश पडत होतं, ते मला ऐकू येत होतं. भिंतीवर माझा डिप्लोमा होता आणि त्याची काच पुसायला झाली होती, एवढंच मी पाहिलं.

दिवाळीनंतर देवरावजी आले ते कांताकाकूंच्या खांद्याला धरून. कांताकाकू त्यांच्या पत्नी. त्यांना मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं. देवरावजींना अर्धांगवायूचा झटका आला होता, उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. पायात थोडी ताकद परत आली होती, वाचा आली नव्हती. सगळ्या शब्दांतून एकच उरला होता, "हो ना." मी म्हटलं, "या देवरावजी." ते म्हणाले, "हो ना." मी विचारलं, "बरं वाटतं का आता?" म्हणाले, "हो ना." काकू म्हणाल्या, "सगळ्याले तेच म्हंतात. पानी पाह्यजे का तरी हो ना, नाई पाह्यजे का तरी हो ना."

काकूंनी लॅपटॉप पिशवीतून काढला. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की ज्याचं बोलणं जातं त्याचं गाणं कधी कधी शाबूत असतं. यांना त्यांचीच भजनं ऐकवा, रोज ऐकवा, गाता गाता एखादे वेळी शब्द सुटतील. आणि भजनं सगळी या पेटीत.

"खोलून द्या ताई," काकू म्हणाल्या. "त्याईचा आवाज आयकू आला तर त्याईले वाट सापडन."

मशीनचं कुलूप मी अर्ध्या तासात काढलं असतं. डिस्कचं कुलूप कोणाला सुटलं असतं? मुंबईच्या एका कंपनीला फोन केला, त्यांनी डिस्क पाठवा म्हटलं पण खात्री काहीच देता येणार नाही असंही सांगितलं, आणि जी फी सांगितली ती ऐकून मी फोन ठेवला. गावात कोणाकडे भजनाची कॅसेट आहे का, याचाही शोध काकूंनी घेतला. मंडळातल्या एकाकडे एक निघाली. आम्ही ती माझ्या दुकानात मोठ्या आशेने लावली, तर त्यावर कोणाच्या तरी लग्नातली सनई भरलेली होती.

मग एकच रस्ता राहिला. आकडे देवरावजींच्या डोक्यात कुठेतरी असणार. काकू त्यांना दर शुक्रवारी एसटीने घेऊन येऊ लागल्या. शुक्रवार त्यांचा वर्ध्याच्या दवाखान्यात यायचा दिवस. व्यायाम करून घेतला की माझ्याकडे. मी लॅपटॉप सुरू करायचे, चौकट यायची, देवरावजी डावं बोट पुढे करायचे आणि मी सवयीने पाठ फिरवायचे. काकू एकदा म्हणाल्या, "आता काऊन तोंड फिरवता जी ताई? पाहा ना." मग मी बघू लागले. बोट आकड्यांवर जायचं, थांबायचं, एक आकडा दाबायचं, दुसरा, मग परत पहिलाच. प्रत्येक वेळी वेगळं. तीनदा चुकायचं, मशीन गप्प व्हायचं, मी बंद करून सुरू करायचे. ते माझ्याकडे बघून "हो ना" म्हणायचे, जणू दोष मशीनचा आहे आणि मी मनाला लावून घेऊ नये. मी जन्मतारखा टाकल्या, लग्नाची तारीख, दुकानाचा फोन नंबर, स्कूटरचा नंबर. काकू घरी बसून आठवून आठवून आकडे आणायच्या. एकही लागला नाही.

एका शुक्रवारी त्यांच्याबरोबर मारोतराव आले. हे वडनेरचे कापसाचे दलाल, देवरावजींचे बरोबरीचे, उभा जन्म दोघांनी एकमेकांशी सौदे केलेले. काकूंनी त्यांना आकड्याचं सांगितलं होतं.

"ताई," मारोतराव म्हणाले, "तोंडानं आमी कधी भाव बोललोच नाई. मले करून पाहू द्या."

वाचकांपैकी तरुणांना हे सांगायला हवं. आता बाजारात बोली उघड लागते. जुने दलाल मात्र भाव दुपट्ट्याखाली ठरवत. दोघांचे हात वरून झाकायचे, आत एकाने दुसऱ्याची बोटं धरायची. किती बोटं धरली, कशी दाबली, त्यावरून आकडा. आजूबाजूला शंभर माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळायचा. तोंडाने हवापाण्याच्या गप्पा चाललेल्या असत.

मारोतरावांनी खुर्ची जवळ ओढली, देवरावजींचा डावा हात आपल्या हातात घेतला आणि वरून आपला दुपट्टा टाकला. मी शपथेवर सांगते, देवरावजींचा चेहरा बदलला. इतक्या महिन्यांत तोंडाची एक बाजू ओघळलेली असायची, ती तशीच होती, पण डोळे बारीक झाले आणि ते सरळ रस्त्याकडे बघू लागले. आत काय चाललंय त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही, असं व्यापाऱ्याचं बघणं. काकूंनी पदर तोंडाला लावला. दुपट्ट्याखाली हालचाल झाली आणि मारोतराव एकदम ओरडले, "बोलून राह्यला, ताई! बोटं बोलून राह्यले त्याचे! घ्या लिहून."

त्यांनी आकडा सांगितला, मी टाकला. चुकला. दुपट्ट्याखाली पुन्हा हालचाल. दुसरा आकडा, तोही चुकला. तिसराही. मशीन बंद केलं, सुरू केलं. आता लागणार, आता लागणार, असं मला प्रत्येक वेळी वाटत होतं आणि काकू डोळे मिटून बसल्या होत्या.

मग मारोतराव आकडे सांगायचे थांबले. हात दुपट्ट्याखालीच होता, हलतही होता, पण ते काही बोलेनात.

"सांगा ना," मी म्हटलं.

"थांबा ताई." मारोतरावांनी माझ्याकडे पाहिलं. "हा पासवर्ड नाई सांगून राह्यला. भाव करून राह्यला. मी जो आकडा धरतो त्याच्या थोडासा वर चढून देते. त्याले वाटते, आपन मार्केटात बसलो."

मारोतरावांनी हात काढून घेतला नाही. ते तसेच बसले, सौदा पुढे चालू ठेवला, एकदोनदा मान हलवून नाराजी दाखवली, एकदा तर उठून जायला निघाल्यासारखं केलं. देवरावजी रस्त्याकडेच बघत होते. शेवटी मारोतरावांनी दुपट्ट्याखाली त्यांचा पूर्ण पंजा आपल्या हातात दाबला. पंजा दाबला म्हणजे सौदा पटला.

"हो ना," देवरावजी म्हणाले आणि हसले. त्यांच्या हो ना ला त्या दिवशी पहिल्यांदाच अर्थ होता.

मारोतराव दुकानाच्या मागे जाऊन तोंड धुऊन आले. मीही रडले. गिऱ्हाइकासमोर मी त्याआधी कधी रडले नव्हते.

त्यानंतरही काकू त्यांना आणत राहिल्या. आकडे सापडतील अशी आशा कोणालाच उरली नव्हती असं मला वाटायचं, पण चौकट समोर आली की देवरावजी बोट पुढे करायचे, म्हणून मीही मशीन सुरू करत राहिले. वर्ष गेलं, वर आणखी काही महिने गेले. मग दोन शुक्रवार कोणी आलं नाही. मारोतरावांचा फोन आला. रात्री झोपेतच गेले म्हणाले.

काकू तेरवी उरकल्यावर काही दिवसांनी एकट्या आल्या. लॅपटॉप पिशवीत होता. पुतण्याला द्यायचा होता, मशीन सुरू होईल असं करून द्या म्हणाल्या. मी सांगितलं, करून देते, पण त्यात नवी डिस्क टाकावी लागेल. ही जुनी डिस्क बाजूला काढून देते. एखादे दिवशी हिचंही कुलूप उघडायची युक्ती निघेल. जपून ठेवा, देवरावजींचा आवाज हिच्यात आहे.

मी मशीन उघडलं. या वेळी चिपचे पाय टेकवायचा क्षण पहिल्याच झटक्यात साधला. नवी डिस्क बसवली, जुनीवरची धूळ झटकून ती कागदात गुंडाळली आणि काकूंच्या हातात दिली. तळहाताएवढी, पण जड असते. त्यांनी ती काही वेळ तशीच धरून ठेवली आणि माझ्याकडे परत सरकवली.

"हे राहू द्या तुमच्यापाशी."

"काकू, असं नका करू. त्यांचा आवाज आहे यात."

"हाय ना. भजनाचा हाय. तो आवाज गावाचा होता, ताई. सगळ्याईनं आयकला. संध्याकाळी मंडळासंगं बसत, मी आतमंदी सैपाक करत राहो. माह्या वाट्याले आला तो मागचा, हो ना वाला. दिवसभर माह्याशीच बोलत होते तेवढ्यातून. भूक लागली का हो ना वेगळा होता, रागाचा वेगळा होता. मले सगळे समजे." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तो मले पाह्यजे होता. आता घरात काहीच आयकू नाई येत. तो कोनीच भरून नाई ठेवला जी. मलेबी नाई सुचलं, तुमालेबी नाई सुचलं."

वर्षभर दर शुक्रवारी देवरावजी माझ्यासमोर त्याच खुर्चीवर बसून बोलत होते. माझ्या टेबलावर मायक्रोफोन जोडलेला कॉम्प्युटर सतत चालू असायचा, आणि त्यात आवाज भरायला एक बटण दाबावं लागतं.